सैतलवीच्या नावावरचं दुखणं

विमा कंपनीच्या डॉक्टरांनी सैतलवीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, नाडी पाहिली, कार्डिओग्रामची पट्टी उलटसुलट करून बघितली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "काका, तुमचं हृदय तर विशीतल्या पोरासारखं चाललंय. मग हे अकरा वर्षांचं दुखणं कुठे ठेवून आलात?"

सैतलवीच्या तोंडचं पाणी पळालं. दुखणं कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याच कुंपणापलीकडे, मोठ्या भावाच्या घरात. रोज सकाळी तांदळाची भाकरी, पत्तिरी, खाऊन ते ओसरीवर सुपारी कातरत बसलेलं असायचं.

झालं होतं ते असं. तेहतीस वर्षं दुबईत गोदाम सांभाळून सैतलवी केरळात, तिरूरला परत आला, आणि त्याच दिवशी त्याचा विमाही संपला. व्हिसा कंपनीचा, कार्डही कंपनीचं. माणूस घरी गेला की दोन्ही गेलं. सुरुवातीला त्याला त्याचं काही वाटलं नाही. फणस पाडावेत, मासे आणावेत, नव्या घराच्या गच्चीवर उभं राहून लोकांच्या घरांना नावं ठेवावीत, असं मजेत चाललं होतं. मग पलीकडच्या आळीतला कुंजालन, तोही दुबईचाच, पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेला आणि महिन्याभराने बाहेर आला तो घरामागची नारळाची बाग विकून. त्या दिवसापासून सैतलवीच्या बायकोने, बिय्यातूने, त्याला सुखाने घास गिळू दिला नाही.

"एकच पोरगी, तीही दिल्या घरची," ती म्हणायची. "उद्या तुम्ही आडवे झालात तर काय विकायचं? मला?"

"तुला कोण घेणार?"

"हसा. हसा मेलं. कुंजालनही असाच हसायचा."

साठी उलटलेल्या माणसाला विमा शोधणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक शोधण्यासारखं. जो तो दात बघतो आणि पुढे जातो. एका कंपनीने परत फोनच केला नाही. दुसरीने सांगितलं, या या दुखण्यांना चार वर्षं काही मिळणार नाही. आणि म्हातारपणी जी दुखणी होतात ती सगळी त्यातच बसवली. शेवटी गल्लीतल्या शाहिनाने, ती विम्याची एजंट, तोड काढली. "काका, तिथे इतकी वर्षं तुमचा विमा होता, तसा दाखला आणलात तर ही तिसरी कंपनी वाट बघायची वर्षं कमी करते."

सैतलवीने उत्साहाने दुबईला फोन लावला, जुन्या कारकुनाला मस्का मारला आणि दाखला मागवला. आला तो इंग्रजीत. सैतलवीने न वाचताच ऐटीत नेऊन दिला. त्यात विम्याबरोबर, त्या कार्डावर अकरा वर्षं दर तीन महिन्यांनी घेतलेली हृदयाची औषधंही होती. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला माणसाला शत्रू लागत नाही.

तिकडे हे सगळेच करत. कार्ड एकाचं, दुखणी घरभराची. दवाखान्यातला डॉक्टरही आपल्याकडचाच, कण्णूरचा. सैतलवीने "छातीत दुखतंय" म्हटलं की तो हसून विचारायचा, "कोणाच्या?" आणि निमूट लिहून द्यायचा. मग जो कोणी सुट्टीवर निघेल त्याच्या बॅगेत, दुधाच्या भुकटीचे डबे आणि बामच्या बाटल्या यांच्यामध्ये, गोळ्यांचं पाकीट तिरूरला पोचायचं. घराचं कर्ज, पोरीचं लग्न, यातून उरणाऱ्या पगारात त्या गोळ्या येण्यासारख्या नव्हत्या. कोणाला त्यात पाप वाटलं नाही. सैतलवीलाही नाही.

आणि ज्याला वाटलं असतं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बीरानइक्का, म्हणजे बीरानदादा, सैतलवीचा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा सैतलवीला त्यांनीच वाढवलं. त्याच्या व्हिसासाठी स्वतःच्या वाट्याचा पानमळा विकला आणि पुढे जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यात पानं खुडली. लग्न झालं, बायको लवकर वारली, मूल नाही. माणूस इतका सरळ की बसच्या कंडक्टरने चुकून जास्त सुटे दिले म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच बसची वाट बघत थांब्यावर उभे राहिले होते. मशिदीत नमाजाआधी हातपाय धुताना, वुजू करताना, कोणी तब्येतीचं विचारलं तर म्हणत, "माझ्या सैतूच्या घामाच्या गोळ्या आहेत रे. मला काय होतंय!"

शाहिनाने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "आता एकच उपाय आहे, काका. खऱ्या पेशंटला डॉक्टरांपुढे न्या. माणूस चांगला आहे, ऐकेल."

सैतलवी दोन दिवस कुंपणापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या दिवशी बिय्यातूने त्याच्या हातात पत्तिरीचं ताट दिलं आणि त्याला अक्षरशः ढकललं.

"इक्का, एक बोलायचं होतं."

"बोल की. आधी तो अडकित्ता दे इकडे."

सैतलवीने अडकित्ता दिला आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं. सुपारी कातरायचा आवाज थांबला होता.

"म्हणजे त्या गोळ्या तू विकत घेतल्या नव्हत्यास."

"नाही."

"आणि मी अख्ख्या मशिदीत सांगत फिरलो."

"इक्का, तिकडे सगळेच—"

"सगळ्यांचं मला सांगू नकोस. सगळ्यांना मी वाढवलं नाही."

सैतलवीला वाटलं, त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. इक्कांनी मांडीवरचा सुपारीचा चुरा झटकला. "उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

इक्का पांढरी लुंगी आणि इस्त्रीचा सदरा घालून कोळिक्कोडला, विमा कंपनीच्या कचेरीत आले. डॉक्टरांसमोर खुर्चीच्या कडेवर बसले. "साहेब, दुखणं माझं आहे. गोळ्या मी खाल्ल्यात. हा घोडा आहे घोडा, याला काही झालेलं नाही. माझ्या छातीला नळी लावा आणि याला विमा द्या."

डॉक्टरांनी खरंच नळी लावली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. "गोळ्या चुकवू नका, इक्का," ते म्हणाले. मग पेन खाली ठेवलं. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण मी वर कंपनीला काय लिहू ते सांगा. हे आजारी आहेत असं लिहिलं तर विमा मिळणार नाही. आजारी नाहीत असं लिहिलं, तर अकरा वर्षं यांनी विमा कंपनीला फसवलं असं लिहिल्यासारखंच होईल. अशा माणसाला आमची कंपनी कशाला घेईल?"

"सर, बघा ना काहीतरी," शाहिना म्हणाली.

"काय बघू? इकडे आड, तिकडे विहीर."

"मी खरं सांगायला आलो होतो," इक्का म्हणाले.

 डॉक्टरांनी स्वतः उठून इक्कांसाठी दार उघडलं.

बसमध्ये दोघं भाऊ शेजारी बसले, पण इक्का खिडकीबाहेरच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी बिय्यातूचं ताट परत आलं त्यात उरलेल्या गोळ्यांची पाकिटं होती. सैतलवीने तशाच गोळ्या तिरूरच्या दुकानातून रोख पैसे देऊन आणल्या. त्याही परत आल्या. इक्का सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत उभे राहू लागले. तिथे चार गोळ्यांतल्या दोन मिळायच्या, उरलेल्या "आल्या की सांगू". सरकारी योजनेत नाव घालायला गेले तर रेशनकार्ड पांढरं निघालं. भाऊ दुबईला होता ना!

"इक्का, रागावून कोणी औषध सोडतं का?" बिय्यातू कुंपणाशी रडकुंडीला आली.

"रागावलो नाही ग. त्याने आणल्या त्या पैशाने आणल्या असतील. पण हात जात नाही माझा."

सैतलवीला चीड आली. इक्कांची आली, त्या चांगल्या डॉक्टरची आली, शाहिनाची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. त्याने जेवण टाकलं. बिय्यातूने आता विम्याचं नाव काढणंही सोडून दिलं होतं.

एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजाआधी, मशिदीच्या हौदाशी पाय धुताना इक्का मटकन खाली बसले. सैतलवीने कोणाची तरी रिक्षा थांबवली आणि त्यांना मांडीवर घेऊन मोठ्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या बाईने मान वर न करता विचारलं, "विमा?"

"नाही."

"पेशंटचं नाव?"

अकरा वर्षं त्या गोळ्यांसाठी कोणीही नाव विचारलं की सैतलवीच्या तोंडून एकच नाव निघायचं. तेच निघालं. "सैतलवी."

बाईने नावाची पट्टी छापली. नर्सने ती पट्टी इक्कांच्या मनगटाला बांधून टाकली. आतून डॉक्टर धावत आले, "कोणती औषधं चालू आहेत?" सैतलवीने चारही गोळ्या नावानिशी, रंगानिशी, सकाळ-संध्याकाळसकट घडाघडा म्हणून दाखवल्या.

"सगळ्या घेतात ना?"

"दोनच," सैतलवी म्हणाला. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ते परत वळले.

"सैतलवी काका! सैतलवी काका, डोळे उघडा बघू," नर्स मोठ्याने हाका मारत होती.

इक्कांनी डोळे उघडले. तोंडावरचा मास्क बोटाने बाजूला सारला. "तो तिथे उभा आहे, बाई. मी बीरान. नीट लिही."

"अहो, भावाचं नाव सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" नर्स सैतलवीवर खेकसली.  सैतलवी इक्कांच्या पायाशी नुसता उभा होता.

"खोड," इक्का म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "लवकर बदल, बाई. नाहीतर त्याच्या नावावर आणखी एक दुखणं चढेल. त्याला विमा मिळायचाय अजून."

"बदलते हं, काका. बोलू नका तुम्ही." नर्स खिडकीकडे पळाली. मशीनमधला कागद संपला होता. तो घालून नवी पट्टी छापून येईपर्यंत डॉक्टरांनी पडदा ओढून घेतला होता.

थोड्या वेळाने पडदा उघडला तेव्हा इक्कांच्या तोंडावरचा मास्क काढलेला होता आणि डोळे मिटलेले होते. नर्सने कात्रीने जुनी पट्टी कापली आणि नवी बांधली. बीरान, वय चौऱ्याहत्तर. कापलेली पट्टी तिच्या हातात राहिली होती.

"ही टाकू ना?" तिने विचारलं.

सैतलवीने हात पुढे केला आणि ती घेतली.