सांडोरच्या वाडीतलं नेपाळी पात्रो

मी एक पात्रो बोलतोय. पात्रो म्हणजे नेपाळचं कॅलेंडर. मी विक्रम संवत दोन हजार ब्याऐंशीचं.

तर ऐका. वसईजवळच्या सांडोर गावात स्टॅनी आणि प्रिस्काची केळीची वाडी. वाडीत एक खोली, खोलीत भूपेश आणि त्याची बायको मनमाया. बारा वर्षं झाली, केळींना पाणी देतात, घड उतरवतात, राखण करतात. आणि तिकडे काठमांडूत त्यांची एकुलती एक लेक सृजना, एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. तिनंच मला विकत घेतलं आणि गुंडाळी करून गावच्या माणसाबरोबर धाडलं.

रोज संध्याकाळी भूपेश माझा एक दिवस पेन्सिलीनं खोडायचा. मग दोघं माझ्याखाली बसून मोबाइलमध्ये लेकीचं तोंड बघायची. बोलणं तेच, काय जेवलीस आणि कधी येतेस.

माणसांना वाटतं, पुढचं सगळं मला ठाऊक असतं. माझ्या अंगावर तीज छापली होती, दसैं छापला होता, तिहार छापला होता, सगळे सण होते. भाद्र महिन्याच्या तेविसाव्या चौकोनात मात्र काहीच नव्हतं.

आधी नेपाळच्या सरकारनं मोबाइलवरचे ते कॉल बंद केले. भूपेश म्हणाला, "बरं झालं, पोर अभ्यास तरी करेल." पण त्यावरून तिकडची पोरं रस्त्यावर उतरली, आणि चारच दिवसांनी स्टॅनी टीव्हीसमोरून धावत आला. "भूपेश, अरे तुमच्याकडं पोरांवर गोळ्या घातल्या!"

दुसऱ्या दिवशी तिकडे संसद जळाली, सरकार पडलं, रस्त्यावर लष्कर आलं. सृजनाचा साधा नंबरही लागेना. मनमायानं नवऱ्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "तिचा आवाज ऐकल्याशिवाय दिवस खोडायचा नाही." मी तेवीस भाद्रवरच थांबलो.

चौथ्या दिवशी नेपाळातल्या गावाहून भूपेशच्या भावाचा फोन आला. गावच्या कुणीतरी मेलेल्यांच्या यादीत नाव ऐकलं होतं. सृजना. जिल्हाही तोच.

आमच्याकडे सुतकात मीठ सोडतात. आमच्या मुलखाला समुद्र नाही, मीठ लांबून यायचं, म्हणून ते सोडणंही मोठं असेल. भूपेशनं अळणी भात पुढ्यात घेतला. मनमायानं त्याच्यादेखत आपल्या भातावर चिमूटभर मीठ टाकलं.

"माझी पोर जिवंत आहे. मी मीठ खाणार."

"यादीत नाव आहे, मनमाया."

"यादीला आई आहे का?"

रडत रडत तिनं तो भात संपवला. भूपेशनं आपली थाळी तशीच सरकवली. तीन दिवस एका खोलीत एक सुतक पाळत होता आणि एक ते मोडत होती. एकमेकांकडे बघणंही बंद.

मग प्रिस्का पेजेचं भांडं घेऊन आली. दारातच विचारलं, "काय रे भूपेश, यादीत वय किती लिवलंय?"

भूपेशनं नुसती मान हलवली.

"इचारलं नाय?"

"नाव ऐकलं मावशी, नि फोन ठेवला."

"अरे, केळ्याचा घड दहादा उलटून बघतोस, नि पोरीचं एवढं नाय इचारलंस? लाव फोन!"

भावानं दोन तासांनी उलटा फोन केला. यादीतली सृजना बत्तीस वर्षांची होती, दुसऱ्याच गावची. भूपेशनं कपाळ भिंतीला टेकलं, अगदी माझ्या शेजारी. हसला नाही. ती बत्तीस वर्षांची कुणाची तरी होतीच. तिच्या घरातल्या पात्रोवर काय गुदरलं असेल, देव जाणे.

पण आमची कुठे होती? आता मनमायाचंच जेवण सुटलं. इतके दिवस हट्टानं खाल्लं, आशा दिसताच घास गिळवेना. दोघं मोबाइल मध्ये ठेवून बसून राहायची. पाण्याचा पंप चालू करायचंही भान नसे. स्टॅनी न बोलता जाऊन करायचा.

एकतीस भाद्र, दुपारी, अनोळखी नंबर.

"आमा, पायात गोळी लागली होती. काढली. फोन गर्दीत गेला, नि तुमचा नंबर मला पाठच नव्हता! कॉलेज उघडल्यावर मैत्रिणीनं तिथल्या कागदांतून शोधून आणला."

"नंबर पाठ नाही? आणि नर्स होणार म्हणे!" मनमाया ओरडली आणि फोन नवऱ्यापुढे धरला. भूपेशनं तो दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. पलीकडून पोर नुसती "बा? बा?" करत राहिली.

फागुनात नव्यानं मतदान झालं. सृजना काठी टेकत गेली, आयुष्यातलं पहिलं मत देऊन आली. आणि चैत्रात सांडोरला आली. प्रिस्का सकाळ-संध्याकाळ तिला खाऊ घालते, वर दटावते, "पाय दुखतो म्हणून तोंड बंद ठेवायचं नसतं, बाय."

माझा आता एकच दिवस उरलाय. उद्या माझ्या खिळ्यावर नवं पात्रो लागेल. त्याच्यावर काय छापलंय आणि काय नाही, ते त्याचं त्याला. मला खुशाल उतरवा, रद्दीत घाला, माझी तक्रार नाही. फक्त हळू उतरवा. खाली पोर झोपलीय.