पिशवीतले दहा दाणे

बाबांना झांबेझी नदीने नेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. नदीकाठच्या गाळात त्यांचा मका होता. पाणघोडे शिरू नयेत म्हणून ते तिथेच मचाणावर झोपायचे. पूर मचाणासकट घेऊन गेला. पावसाचा अंदाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नसेल, असं मी शहरात बसून धरून चालले होते.

यंदाचा अंदाज सांगायला शेतकी खात्याचे हामूंगा साहेब आले, तेव्हा मी गावी आले होते, आईशेजारी चटईवर बसले होते. पेरणी आता माझा भाऊ चोल्वे करणार होता. नदीकाठच्या ओलीत करायची की पूर पोचत नाही अशा वरच्या माळावर, एवढंच ठरायचं होतं.

साहेबांनी कापडी पिशवीत घेवड्याचे दहा दाणे टाकले. "संगणकाने समुद्राची ऊब आणि जुन्या वर्षांचा पाऊस ताडून पाहिलाय. यंदासारखी दहा वर्षं आली, तर पाच कोरडी जातील. हे तपकिरी. तीन नेहमीसारखी, हे पांढरे. दोन धो धो, हे काळे. घाला हात, काढून बघा एकेक."

मुन्साका काका पुढे सरसावले. "यंदा मी काढणार. गेल्या वर्षी दादाने काढला होता."

"बाबांनी? काय निघालं?" मी विचारलं.

"तपकिरी. पिशवीने कोरडं सांगितलं, म्हणून तर तो ओलीसाठी नदीकाठी गेला."

अंदाज पोचला होता. बाबांनी तो मुठीत धरला होता.

साहेब घाईघाईने म्हणाले, "अहो, तो कौल नव्हता! नुसता खेळ होता, समजावं म्हणून."

"मग हात कशाला घालायला लावलात?" काका म्हणाले.

चोल्वेचा हात तेवढ्यात पिशवीत गेलाच होता. आईने त्याचं मनगट धरलं, पिशवी काढून घेतली आणि सगळे दाणे चटईवर ओतले. त्यातले काळे तिने बाजूला केले.

"साहेब, हे गेल्या वर्षीही होते?"

"होते, आई."

"यांनी तपकिरी काढला, तेव्हा हे आतच होते?"

"हो, आतच होते."

आई चोल्वेला म्हणाली, "पेर नदीकाठीच. पण तिथे झोपायला कुणी जायचं नाही."

"अगं, पाणघोडे सगळा मका खातील."

"खाऊ देत."