चिमणीचा अंगठा

चिमणीच्या डाव्या हाताचा अंगठा नेहमी मुठीच्या आत असे. चारही बोटं त्याच्यावर घट्ट मिटलेली. तान्ह्या बाळाची मूठ अशीच असते. काही महिन्यांत ती सैल होते आणि अंगठा आपोआप बाहेर येतो. चिमणीला चौथं वर्ष लागलं होतं आणि तिचा अंगठा अजून आतच होता. त्या सकाळी मात्र डॉक्टरीणबाईंनी तो बाहेर आलेला पाहिला.

पाहिला तोही योगायोगानंच. दिव्यांग मुलांच्या तपासणी केंद्राच्या त्या प्रमुख. रोज मागच्या जिन्यानं थेट आपल्या खोलीत जात. आज मागचा जिना धुवायला काढला होता, म्हणून पुढच्या दालनातून जावं लागलं. मुलं आणि आया जिथे ताटकळत बसतात, ते दालन सकाळच्या वेळी त्यांनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

कडेच्या बाकावर चिमणीची आई बसली होती. डब्याचं स्टीलचं झाकण तिनं बाकावर उभं धरलं आणि गरकन फिरवलं. झाकण गरगरलं, लडखडलं आणि खणखणत आडवं झालं. मांडीवरच्या चिमणीनं मान तिकडे वळवली. डावी मूठ सैल झाली. अंगठा बिचकत बाहेर आला आणि हात थरथरत पुढे गेला. बोटं झाकणाला लागली तेव्हा चिमणी खुदकन हसली.

"पुन्हा? अगं लबाडे, माझं मनगट दुखलं की!" आई म्हणाली आणि झाकण पुन्हा फिरवलं.

डॉक्टरीणबाई क्षणभर थबकल्या. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला आणि त्या जिना चढून वर गेल्या. पण तो अंगठा काही डोळ्यांपुढून हलेना.

त्याला कारणही तसंच होतं. केंद्रात व्यायामाच्या आणि खेळोपचाराच्या जागा मोजक्या, आणि बाहेर थांबलेली मुलं पुष्कळ. म्हणून नियम असा, की ओळीनं तीन तपासण्यांत ज्या मुलानं काहीच प्रतिसाद दिला नाही, त्याची जागा पुढच्या मुलाला द्यायची. चिमणीच्या दोन तपासण्या कोऱ्या गेल्या होत्या. आज तिसरी होती.

दुपारपर्यंत बाईंचं कशात लक्ष लागलं नाही. समोरचा चहा गार झाला, त्यावर साय धरली. शेवटी त्या उठल्या, जिना उतरल्या आणि लांबलचक बोळाच्या टोकाला असलेल्या थेरपिस्टच्या खोलीत गेल्या.

चिमणी आईच्या खांद्यावर ओल्या टॉवेलसारखी पडली होती. थेरपिस्ट ताई गुडघ्यांवर बसून तिच्यापुढे लाल चेंडू हलवत होती. मग खुळखुळा, मग रंगीत ठोकळे. चिमणीनं खिडकीकडून तोंड फिरवलं आणि आईच्या मानेत खुपसलं. मूठ घट्ट. अंगठा आत.

"मॅडम, सकाळी करत होती हो!" आई काकुळतीला आली. "घरी तर रोज करते. इथे आली की काय होतं कोण जाणे."

'घरी करते' हे वाक्य बाईंनी असंख्य आयांच्या तोंडून ऐकलं होतं. आईचं काळीज, असं म्हणून त्या मान हलवत आणि पुढचं मूल बोलावत. आज मात्र मान हलवता येईना. सकाळचं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं!

त्यांनी चिमणीची हनुवटी हळूच वर केली. डोळ्यांतल्या बाहुल्या जवळजवळ बुबुळाएवढ्या मोठ्या झाल्या होत्या.

"हिच्या डोळ्यांत काही घातलंय का?"

"थेंब घातले ना डोळ्यांच्या डॉक्टरांनी. दर वेळी घालतात. ते लवकर घरी जातात, म्हणून सगळ्यांना आधी तिकडेच पाठवतात. मग वजन, मग वरच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर, मग कानाची खोली. मग इथे."

ते थेंब घातले की बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांना बोचतो. हा परिणाम कित्येक तास टिकतो. वैद्यकीय शिक्षणात हे सगळेच शिकतात. आणि अशा डोळ्यांच्या, इमारतभर कडेवरून फिरवून दमवलेल्या मुलाला खिडकीसमोर बसवून हे केंद्र विचारत होतं, बघ पाहू, हा चेंडू दिसतो का!

थेरपिस्ट ताई तिथेच सतरंजीवर बसली. "म्हणजे मी पोरीच्या डोळ्यांना पट्टी बांधून तिला खेळणी दाखवत होते. आणि वर म्हणत होते, ही बघतच नाही!"

"तुला शंका नाही आली?"

"डोळे लाल दिसायचे, वाटायचं रडली असेल. बाहुल्यांकडे कुठलं लक्ष जातंय? मॅडम, डोळ्यांची खोली त्या टोकाला, माझी या टोकाला. आमची दोघांची गाठ पडते ती केंद्राच्या वर्धापनदिनाला, तीही चहाच्या रांगेत." मग ती धीर करून म्हणाली, "दोन वर्षं झाली, मी म्हणतेय. मूल एकाच खोलीत ठेवू, सगळे तिथे येऊ. एकमेकांचं काम दिसेल तरी. तुम्ही दर वेळी म्हणालात..."

"बघू," बाईंनी वाक्य पूर्ण केलं.

ताईनं जीभ चावली.

"चावू नकोस जीभ. मला सगळे पाठीमागे बघूबाई म्हणतात, ठाऊक आहे मला. भिंतींना कान असतात, आणि या केंद्राच्या भिंती फार पातळ आहेत."

चिमणीची आई दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती. "मग मॅडम, आमची जागा..."

"बघू," बाईंच्या तोंडून निघून गेलं. सवयच ती! आईनं नुसतं "बरं" म्हटलं. चिमणीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती निघाली. दारात बाईंनी तिला हाक मारली. "उद्या सकाळी या. लवकर. कुठल्याही खोलीत न जाता सरळ इथे."

वाचकहो, दोष कुणा एकाचा म्हणावा? डोळ्यांचे डॉक्टर आपलं काम चोख करत होते, थेरपिस्टही करत होती. प्रत्येक खोली आपापल्या जागी शहाणी होती. वेडेपणा होता तो दोन खोल्यांच्या मधल्या बोळात, आणि तो बोळ कुणाच्याच कामात मोडत नव्हता.

संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होत्या. निवृत्त शिक्षिका असलेल्या सासूबाई खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या.

"अगं, पायाला भिंगरी लागलीय का? बस की जरा. तुझ्याकडे पाहून मला घेरी यायला लागली."

बाईंनी सगळं सांगितलं. मग अडचणी सांगितल्या. हाडांचे डॉक्टर वयानं मोठे, ते खाली यायचे नाहीत. डोळ्यांचे डॉक्टर तापट. कानाचं यंत्र जड. मुख्य कार्यालय शंभर प्रश्न विचारील.

सासूबाईंनी शांतपणे एक किडकं पान बाजूला टाकलं. "आपल्याकडे कुणी जेवायला आलं तर काय करतेस? ताट त्या खोलीत मिळेल, मीठ माडीवर आहे, पाणी अंगणात जाऊन प्या, असं सांगतेस?"

"आई, ते वेगळं."

"काय वेगळं? पाहुणा एका जागी बसतो आणि वाढणारे फिरतात. तुमचा पाहुणा तर चालूही शकत नाही गं! त्यालाच दारोदार हिंडवता आणि शेवटी म्हणता, याला भूकच नाही."

"सगळे नाराज होतील."

"होऊ देत. नाराज माणूस घरी जाऊन पोटभर जेवतो आणि झोपतो. त्या पोरीची जागा गेली तर ती कुणाच्या दारात जाईल?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि एक सांगू? मी इतकी वर्षं मुलं शिकवली. वाट बघणं मोठ्यांना परवडतं. मुलांचं वय थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना थेरपिस्टच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या मुद्दाम बाहेर काढायला लावल्या होत्या. डोळ्यांचे डॉक्टर दाराला टेकून घड्याळ पाहत होते. हाडांच्या डॉक्टरांनी सतरंजीकडे पाहून कपाळाला हात लावला.

"इथे खाली बसू मी? माझे गुडघे बोलतात, मॅडम."

"हाडांच्या डॉक्टरांचे गुडघे बोलतात! मग रुग्णांनी कुणाकडे पाहावं?" कानाच्या खोलीतली ताई पुटपुटली आणि हशा पिकला.

बाईंनी थेंबांची हकीकत सांगितली. हशा थांबला.

"पण माझ्या तपासणीला काळोखी खोली लागते," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "आणि थेंब घातल्याशिवाय चष्म्याचा नंबर नीट कळत नाही. मी चूक काय केली?"

"काहीच नाही. फक्त तुमची खोली पहिली यायला नको."

"मॅडम, उगाच घाई कशाला?" हाडांचे डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. "बघू म्हणा ना, नेहमीसारखं."

बाईंनी चिमणीच्या आईला खूण केली. तिनं झाकण काढलं. सगळ्यांच्या नजरा पाहून ती गोंधळली आणि पहिल्यांदा झाकण न फिरताच पडलं. चिमणी नुसती बघत राहिली. इथेही नाही केलं तर?

आईनं पुन्हा फिरवलं. झाकण गरगरलं. चिमणीची मान वळली. मूठ सैल झाली. आणि बिचकत, बिचकत, तो अंगठा बाहेर आला! हात पुढे गेला, झाकणाला लागला, आणि चिमणी मोठ्यानं हसली.

मग हाडांचे डॉक्टर भिंतीचा आधार घेत, कण्हत खाली बसले. त्यांचे गुडघे खरंच कटकन बोलले. त्यांनी झाकण उचललं आणि स्वतः फिरवून पाहिलं. चिमणीनं त्यांच्याकडे हात केला.

"हिचा अंगठा उघडतो," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तर हा हात कायमचा असाच राहणार म्हणून सांगून बसलोय हिच्या आईला."

"ही सकाळची चिमणी आहे," बाई म्हणाल्या. "आपण आजवर फक्त दुपारची पाहिली."

"आणि बाहेर जागेसाठी थांबलेत त्यांचं काय?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं. आवाजातली धार गेली होती.

"आपण अशा तपासण्या वाया घालवायचं थांबवलं तर त्यांनाही जागा होईल. मुलाला काही येत नाही असं लिहिण्याआधी, आपण त्याला दाखवायची संधी दिली का, हे विचारायला हवं. आपल्या सोयीनं मुलाला फिरवलं, की मुलाची ताकद आपल्याच हातांनी संपते. मग उरतं ते आपण त्याची कमतरता म्हणून मोजतो."

"मग काय करायचं, मॅडम?" थेरपिस्ट ताईनं विचारलं.

ते दोन अक्षरी उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर आलंच होतं. चिमणीची आईही तेच ऐकायच्या तयारीनं मान खाली घालून बसली होती. बाईंनी ते गिळलं.

"चिमणीची जागा चिमणीचीच राहील. आणि केंद्रात येणारं प्रत्येक मूल या खोलीत, या सतरंजीवर राहील. आधी खेळ, सगळ्यात शेवटी थेंब, आणि काळोखासाठी पडदे ओढू. फिरायचं ते आपण." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "उद्यापासून नाही. आजपासून."