तिसरा फ्यूज

डब्याच्या पडद्यावर चौथ्यांदा तेच आलं : पंप सापडत नाही.

"समोर बसला हाय ना बे पंप! डोये फुटले काय तुहे?" रहीम मिस्त्रीनं भिंतीवरच्या कंट्रोलरला विचारलं.

कोपऱ्यात गाळणी घासत बसलेली कौशल्या हसली. पालथ्या बादलीवर टेकवलेल्या मोबाइलमधला पुण्याचा इंजिनीअर मात्र हसला नाही.

"काका, पिवळी आणि हिरवी वायर उलटसुलट करून बघा."

तिवशाच्या अलीकडे, अमरावती-नागपूर रस्त्याला लागून लग्नाचं मोठं लॉन होतं. लॉनमागं पोहण्याचा तलाव आणि तलावामागं ही पंपाची खोली. पंप नवा आणला होता, आपला वेग आपणच कमी-जास्त करणारा. त्याला हुकूम सोडायला भिंतीवर कंट्रोलर आला होता. दोघांच्या मधे दोन बारीक तारा जोडायच्या, की दोघं आपसांत बोलणार. रहीमनं उभं आयुष्य विहिरीवरच्या मोटारींत घालवलं होतं. पेचकसाचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावली, की आत कोणता बेअरिंग रडतोय ते तो सांगायचा. आता पिवळी कुठं आणि हिरवी कुठं, हे त्याला मोबाइलमधलं पोरगं शिकवत होतं. करतो काय? विहिरी आटल्या, मोटारी गंजल्या आणि पाणी राहिलं ते लग्नाच्या लॉनवर.

त्यानं तारा बदलल्या. पडद्यावर आकडा उमटला. पंप सापडला.

"छान. आता पंपाला थेट सप्लाय द्या," इंजिनीअर म्हणाला. "चोवीस तास. मधे स्विच नको, फ्यूज नको. कोणी बंद केला की आमच्या सिस्टीमला पंप दिसत नाही. चालू-बंद सगळं मी इथून करीन."

"मंजे बटन पुन्याले?" कौशल्यानं विचारलं.

"आन् हात आपले अथी," रहीम म्हणाला.

त्याला हे पटलं नव्हतं. वऱ्हाडात विहिरीवर काम करणाऱ्याचा एक नियम आहे. खाली उतरायच्या आधी बोर्डातले तिन्ही फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. लाइन केव्हा येईल याचा नेम नाही, आणि वरचा माणूस केव्हा खटका दाबेल याचाही नाही. फ्यूज खिशात असला की जीव आपल्या हातात. कौशल्यालाही त्यानंच हे शिकवलं होतं. रोज सकाळी पंपाचं झाकण उघडून आतला पाला काढायच्या आधी ती भिंतीवरचा फ्यूज उपसायची आणि पदराला गाठ मारून ठेवायची. मालकाच्या वायरमननं आज सकाळी तो जुना फ्यूज भंगारात टाकला होता. भिंतीवर त्याची रिकामी बैठक तेवढी उरली होती.

या कामावर तिला रहीमनंच लावलं होतं, पाच वर्षांपूर्वी, तिचा नवरा श्रावण गेल्यावर. मिस्त्री देवमाणूस आहे, असं गावात म्हणत. ते ऐकलं की रहीम तिथून उठून जायचा.

सप्लाय जोडून झाला. पंपात पहिलं पाणी भरायचं राहिलं होतं. कौशल्यानं झाकण उघडून बादली ओतली. आत लिंबाची काडी तरंगली, ती काढायला तिनं कोपरापर्यंत हात घातला. तेवढ्यात पंप घुमला.

"वहिनी, हात!" रहीमनं तिचं मनगट धरून हिसका दिला. ती मागच्या भिंतीवर आदळली. दोन बोटांची सालटं गेली होती. हातात बांगड्या असत्या तर हात आतच अडकला असता. नवरा मेल्याचा तिला एवढा एक फायदा झाला.

"बंद कर! बंद कर बे!" रहीम मोबाइलवर ओरडला.

पंप थांबला. "सॉरी काका. टेस्ट घेत होतो. मला इथून काय दिसणार?"

आरडाओरडा ऐकून मॅनेजर श्यामबाबू आला. त्यानं कौशल्याची बोटं लांबूनच पाहिली.

"जास्त नाही ना लागलं? मग झालं. माणसानं आपण सावध राहायला पाहिजे."

"साहेब, पंपापाशी एक खटका लावू द्या. रोज बाईचा हात जाते त्याच्यात."

"इंजिनीअर नाही म्हणतो ना? मग नाही. संध्याकाळी लग्न आहे मिस्त्री, कारंजं चालू पाहिजे." आणि तो मांडववाल्यांवर खेकसायला निघून गेला.

माणसानं सावध राहायला पाहिजे. हेच शब्द श्रावणच्या पंचनाम्यातही होते, फक्त जरा सरकारी.

२०११ चा हिवाळा. श्रावणच्या हरभऱ्याला दुसरं पाणी द्यायचं होतं आणि मोटार पाणी ओढत नव्हती. रहीमनं तिन्ही फ्यूज खिशात टाकले, विहिरीत उतरला आणि मोटार दुरुस्त केली. वर येऊन दोन फ्यूज बसवले. तेवढ्यात फाट्यावर अमरावतीच्या शेवटच्या एसटीनं हॉर्न दिला आणि तो पळत सुटला. तिसरा खिशातच राहिला. पहाटे लाइन आली तेव्हा मोटार नुसती गुरगुरत होती. लाइन दुपारी जाणार आणि पुढची पाळी चार दिवसांनी. श्रावणनं बोर्ड पाहिला. तिसऱ्या फ्यूजच्या जागी उघडी तार घालायला गेला. पायाखाली दवानं भिजलेली काळी माती होती.

इकडं अमरावतीत रहीमच्या बायकोनं, कुलसुमबीनं, धुवायला घेतलेल्या सदऱ्यातून फ्यूज काढून त्याच्यासमोर धरला. पहिल्या एसटीनं तो पोचला तेव्हा बोर्डापाशी गर्दी होती. तो गर्दीत उभा राहिला, हात खिशात घालून. पोलिसानं लिहिलं : मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा. वीज कंपनीनं हात झटकले. तलाठ्यानं मदतीची यादी पाहिली. कर्ज नाही, आत्महत्या नाही, अपात्र. त्या वर्षांत नुसतं मरून भागत नव्हतं, पात्र होऊन मरावं लागे. गावानं तर निकालच दिला. फ्यूज घ्यायले दातकोरा होता, पैसा सुटे नाई त्याचा, म्हणून मेला. रहीमचा हात खिशातून बाहेर आला नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, नंतर पाच वर्षांत नाही.

फ्यूज मात्र त्यानं फेकला नव्हता. अवजारांच्या पेटीत, तळाशी, फडक्यात गुंडाळलेला होता. आज त्यानं तो काढला. चिनी मातीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. शेजारी फ्यूज पळवतात म्हणून कौशल्यानं नव्या नवलाईत तिन्हींवर तो दिला होता. खरवडायला दोन मिनिटंही लागली नसती. रहीमनं खरवडला नाही. तोंडानं होत नव्हतं ते हातानं करून टाकावं, असं त्याला वाटलं. पंपाची तार तोडून त्यानं ती भिंतीवरच्या जुन्या बैठकीतून फिरवली आणि फ्यूज बसवला.

"वहिनी, झाकन उघडाच्या आधी हा काढत जा. कोनी काई म्हनो."

कौशल्या फडक्यानं बोटं बांधत उठली. सवयीनं फ्यूज उपसला. अंगठा ठिपक्यावर गेला आणि तिथंच थांबला. रहीम पेचकस पुसत राहिला, स्वच्छ असलेला पेचकस.

"दोन बोर्डातच होते," शेवटी ती म्हणाली. "तिसऱ्यासाठी मी सारं घर उलथंपालथं केलं. मले वाटलं, त्यायनंच हरवला."

"माह्या खिशात राह्यला होता, वहिनी."

"मंजे त्यायची चुकी नोयती."

"नोयती."

"लोक दातकोरा म्हनत." तिचा आवाज चढला नाही. "मी बी म्हनलं. तेराव्याच्या दिवशी, साऱ्यायसमोर. एवढ्याशा फ्यूजपायी लेकरं उघड्यावर टाकले म्हनून त्यायच्या फोटोले शिव्या देल्ल्या मी. तुमी तथीच बसले होते. जेवले बी."

रहीमला वाटलं, तिनं आता तो फ्यूज आपल्या तोंडावर मारावा. तिनं तो पदराला बांधला, गाठ दातांनी आवळली आणि तलावाच्या कडेचा पाला गोळा करायला निघून गेली.

चार वाजता पुण्याहून बटन दाबलं गेलं. पंप सापडत नाही. पुन्हा दाबलं. सापडत नाही. श्यामबाबू धावत आला. नवरदेवाची गाडी फाटकाशी आली होती आणि कारंजं कोरडं होतं. भिंतीवरची रिकामी बैठक त्याला दिसली. त्यानं कौशल्याला हाक मारून आत घेतलं.

"इथं फ्यूज कोणी लावला? आणि काढला कोणी? तूच काढत असते ना रोज?"

कौशल्या उभी राहिली. पदराची गाठ तिच्या मुठीत होती. ती रहीमकडं पाहत होती.

"मी नेला," रहीम म्हणाला. "माह्या खिशात राह्यला."

"इतक्या वर्षांचा मिस्त्री, आणि फ्यूज खिशात घालून फिरतो?"

"हो साहेब. चुकी माही. दुसऱ्या कोनाचीच नाई."

"मग दे!"

रहीमनं रिकामा खिसा बाहेर ओढून दाखवला. श्यामबाबूनं जे तोंडाला येईल ते ऐकवलं. पुन्हा या फाटकात पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं आणि वायरमनला बोलावून तार थेट जोडून घेतली. पाचव्या मिनिटाला कारंजं उडालं, रंगीत. बॅन्डवाल्यांनी सूर धरला.

पेटी घेऊन रहीम फाट्यावर आला. थोड्या वेळानं कौशल्या आली आणि दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"तुमी काहून आले कामावून?"

"नवा मानूस पाहा म्हनलं त्यायले. माहे हात काई पुन्याले गहान नाई टाकले." मग रस्त्याकडं पाहतच म्हणाली, "त्या श्यामबाबूले सांगून काय उपेग? तो कोन हाय आमचा? गावात सांगा. पारावर, साऱ्यायसमोर. मी म्हनलं होतं ना, तसं."

"उद्या सकायी येतो, वहिनी."

"उद्या नाई."

ती उठली आणि गावाच्या कच्च्या रस्त्याला लागली. गाठ अजून पदरात होती. तेवढ्यात वळणावर अमरावतीची एसटी दिसली. ड्रायव्हर ओळखीचा होता. मिस्त्रीला पाहून त्यानं गाडी हळू केली, हॉर्न दिला, मग पुन्हा एकदा दिला.

रहीमनं पेटी उचलली आणि कौशल्याच्या मागं चालू लागला.