पाचव्या शीलाआधीचा घोट

ललिताताई दारू पितात, ही बातमी विश्रांतवाडीतल्या त्या विहारात पसरायला महिनाही लागला नाही. पुरावे भक्कम होते: डोळे सदा लाल, बोलताना अडखळणारी जीभ आणि पर्समध्ये लपवलेली बाटली. एकोणीस वर्षं बुद्धपौर्णिमेला माइकवर पंचशील सांगणारी बाई, आणि हे असं! लोकांनी आधी कपाळाला हात लावला, मग बातमी चवीने पुढे सरकवली.

खरं कारण ललितालाही नुकतंच कळलं होतं. वर्षभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नव्हता; पण वयाचं असेल म्हणून ती गप्प होती. शेवटी लेक पायल तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासलं, ओठाच्या आतला तिळाएवढा तुकडा काढून तपासला, तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. शोग्रेन.

"शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच तुमच्या अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उठल्यात."

"कुंपणच शेत खातंय म्हणा की!" ललिता म्हणाली. "बरं होईल?"

"मुळापासून जाणार नाही, पण सांभाळता येईल. डोळ्यांत थेंब घाला, दात जपा, तपासणी चुकवू नका. आणि घोट घोट पाणी पीत राहा."

म्हणून ती बाटली.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी विहार समितीचे अध्यक्ष रावसाहेब घरी आले. चहा संपेपर्यंत उन्हाळ्यावर बोलले.

"ताई, यंदा पौर्णिमेची वंदना समितीतल्या स्पृहाला घेऊ द्या. आपण आराम करा."

"मी कधी मागितला आराम?"

"लोक बोलतात."

"काय बोलतात?"

रावसाहेबांची नजर कोपऱ्यातल्या तिच्या पर्सकडे गेली. ललिताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संताप उसळला. तिने पर्समधली बाटली काढली, झाकण उघडलं आणि सरळ त्यांच्या नाकाखाली धरली.

"घ्या वास! अहो, विचारायला तोंड नव्हतं का एकालाही?"

मग तिने आजार समजावून सांगितला. रावसाहेब ओशाळले. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, "वंदना आपणच घ्या. फक्त बाटली तेवढी पर्समध्येच राहू द्या. बरं दिसत नाही."

"बघते," ललिता म्हणाली.

पौर्णिमेला विहार खच्चून भरला होता. ललिताने मेणबत्ती लावली आणि माइकशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी, बाटली ठेवली. पहिल्या रांगेत पायल होती, तिच्यामागे रावसाहेब. ललिता एकेक शील सांगत होती, सभा मागून म्हणत होती. चौथ्यानंतर जीभ टाळूला चिकटली. पुढचं पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं.

तिने बाटली उचलली. सावकाश दोन घोट घेतले. कुणीतरी खाकरलं, मागे कुजबुज झाली. ती माइककडे वाकली.

"पाणी आहे. मला शोग्रेन नावाचा आजार आहे. लाळ आटलीय माझी, आवाज नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी नंतर येऊन वास घ्यावा."

कुजबुज थांबली. ललिताने पाचवं शील सांगितलं, आजवर सांगितलं नव्हतं इतक्या खणखणीत आवाजात. मग पायलचा रडवेला आवाज आला, त्यामागे रावसाहेबांचा, आणि मग सगळ्या सभेचा.

ललिताचे डोळे कोरडेच होते. या खेपेला जिभेला गरज नव्हती, तरी तिने बाटली पुन्हा उचलली आणि सगळ्यांच्या देखत आणखी एक घोट घेतला.