हजारी आठशे दहा

प्रजासत्ताकाला साठ वर्षं पूर्ण होणार म्हणून राजधानी अश्गाबादहून एक जाडजूड पुस्तक निघायचं होतं. नुसत्या आकड्यांचं. क्रांतीआधी डॉक्टर किती होते, आता किती. शाळा किती, ट्रॅक्टर किती, माणशी साबण किती. आपल्या जिल्ह्याचे आकडे गोळा करून, तपासून, सही ठोकून पाठवायचं काम तुवाकगुलकडे होतं. सांख्यिकी कचेरीत तिची बावीस वर्षं गेली होती आणि एवढ्या काळात तिचा एकही तक्ता वरून परत आला नव्हता. याचा तिला अभिमान होता. चुलीत गेला तो अभिमान.

ऑगस्टच्या एका सोमवारी ती बालमृत्यूचा तक्ता करत होती. लोखंडी गणितयंत्राचं हँडल गरागरा फिरवत ती आकयाप गावाच्या ओळीपाशी आली आणि तिचा हात थांबला. आकयाप म्हणजे तिचं माहेर. यंदा जन्म अठ्ठावन्न, वर्षाच्या आत दगावलेलं मूल एक. हजारी सतरा. सगळ्या जिल्ह्यात सगळ्यात निरोगी गाव.

तिच्या भावाची बायको जेन्नेत हिनं एकटीनंच दोन वर्षांत दोन मुलं पुरली होती. आकयापला प्यायला पाणी म्हणजे कापसातून निथळून येणारा कालवा. कापसाची पानं झाडायला विमानातून फवारतात ते विषही त्यातच उतरतं. पाणी इतकं खारट की चहात दूध घातलं की फाटतं. आणि हे गाव निरोगी!

एरवी ती नुसती चरफडली असती. पण या वेळी त्या तक्त्यावर काहीतरी अडलं होतं. वर्धापनाची भेट म्हणून प्रत्येक जिल्ह्यातल्या एका गावाला गोड्या पाण्याची नळयोजना मिळणार होती. ज्या गावी हजारी सगळ्यात जास्त मुलं मरतात, त्या गावाला. यादी शुक्रवारी बंद. या आकड्यांवर नळ जाणार होता जिल्ह्याच्या गावाला खेटून असलेल्या वस्तीला, कारण इस्पितळ तिथंच आणि तिथली मरणं कागदावर येत. त्यांच्याकडे हातपंप तरी होता. आणि जेन्नेतला पुन्हा सातवा महिना लागला होता.

दुपारच्या बसनं तुवाकगुल आकयापला गेली ती तणतणतच.

आई ओगुलगेरेक, सगळ्या गावाची एजे म्हणजे आईच, तंदूरातून रोट्या काढत होती. तुवाकगुलनं पिशवी ओट्यावर आपटली.

"एजे, या गावात मेलेली पोरं जातात कुठं?"

"आल्या आल्या हे काय गं? चहा तरी घे."

"तुझ्या त्या खारट चहाचंच विचारतेय. जेन्नेतची दोन गेली. शेजारच्या आयजानची तीन. माझ्या कागदावर यंदा गावात एकच मूल गेलंय. बाकीची कोणी खाल्ली?"

जेन्नेत दारात उभी होती. सासूसमोर बोलायचं नाही म्हणून सुनेनं रुमालाचं टोक दातांत धरायचं, अशी इथली रीत. तिनं ते धरलं होतं.

म्हातारीनं हात झटकले. "मूल गेलं की त्याचा दाखला ठेवून द्यायचा. पुढचं झालं की तोच दाखला त्याला. नावही तेच. सगळे असंच करतात. तू काय आभाळातून पडलीस?"

"आणि मेल्याची नोंद?"

"कशाला करायची? नोंद केली की डॉक्टरीणबाई येऊन ओरडणार, तुम्ही अडाणी, तुम्ही पोरं मारता. पंचायतीचा सापार म्हणणार, दहा मुलांच्या आईला पदक मिळतं त्यातून तुझं एक कमी झालं. नव्या दाखल्याला तीन दिवस खेटे. कापूस कोण वेचणार तोवर, तू येणार होतीस?"

"अगं, पण त्या पुढच्या पोराचं वय कागदावर दोन दोन वर्षांनी वाढतं. सात वर्षांचं पोर कागदावर नऊचं. शाळेत तिसरीत बसवतात आणि तिसरीपासून कापूस वेचायला नेतात. त्या विषात. तुम्हाला कळत नाही हे?"

"आता कळतंय," म्हातारी म्हणाली. "तेव्हा मेलेल्याचं नाव जिवंत राहतं एवढंच कळत होतं." मग पीठ झाडावं तसं तिनं झाडून टाकलं, "तुझंही तसंच आहे. तू एकोणचाळीस सालची नाहीस. एकोणचाळीसची तुवाकगुल नऊ महिन्यांची होऊन गेली. तू एक्केचाळीसची."

तुवाकगुल ओट्यावर बसली. त्रेचाळीस वर्षं दुसरीचं नाव, दुसरीचा वाढदिवस. आणि बावीस वर्षं सगळ्या जिल्ह्याच्या आकड्यांवर त्याच नावानं सही. तिला आईचा राग आला, सापारचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा. एवढी हुशारी मिरवली आणि घरातली पहिली ओळच खोटी.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? रडली असतीस. ते तर दोन महिन्यांत माझं मीच रडून घेतलं होतं."

तुवाकगुल रडली नाही. तिनं रोटीचा तुकडा मोडला आणि चावता चावता विचार केला. नियमावली तिला तोंडपाठ होती. मृत्यू कधीही झालेला असो, तो मोजायचा ज्या वर्षी नोंदवहीत चढला त्या वर्षात. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची मरणं या आठवड्यात नोंदवली, तर ती सगळी यंदाच्या तक्त्यात येतात. असा वेडेपणा आजवर कोणी केला नव्हता, पण नियमात बसत होता.

"बायकांना बोलव," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी अंगणातल्या तुतीखाली तीसेक बायका जमल्या. तुवाकगुलनं सांगितलं आणि त्या उठायलाच लागल्या. आयजान सगळ्यांत तोंडाळ. तिनं कमरेवर हात ठेवला.

"म्हणजे माझ्या ओवेझचा दाखला मी रद्द करायचा? मेलेल्यासाठी जिवंत पोर बिनकागदाचं करू? तुला काय जातंय, तू कचेरीत पंख्याखाली बसतेस."

"नवा दाखला मिळतो. खऱ्या वयाचा."

"मिळतो म्हणे. आजवर तुमच्या कचेरीतून शिव्यांशिवाय काय मिळालंय?"

आयजान खोटं काहीच बोलली नव्हती. बायका चपला शोधायला लागल्या. तेवढ्यात म्हातारी ओगुलगेरेक काठी टेकत पुढे आली.

"आधी माझं लिही. तुवाकगुल, एकोणचाळीस साली जन्मली, नऊ महिन्यांनी जुलाबानं गेली. कालव्याचंच पाणी."

"एजे, हिचाच दाखला रद्द होईल," आयजान म्हणाली. "नोकरी जाईल हिची."

"जाऊ दे," तुवाकगुल म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुमची पोरं बिनकागदाची होणार असतील तर मीही होते. लिहिते बघ, तुझ्यादेखत."

तिनं लिहिलं. मग मागून एक बारीक आवाज आला. जेन्नेतनं दातांतला रुमाल सोडला होता. सासूसमोर, भर अंगणात. तिच्या तोंडून निघालेलं पहिलंच वाक्य तिच्या मुलांच्या नावांचं होतं. पहिला बावीस दिवसांचा, दुसरी चार महिन्यांची. म्हातारीनं तिला अडवलं नाही. उलट पाण्याचा वाडगा तिच्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत सेहेचाळीस नावं झाली. आयजाननं आपली तीन सांगितली ती सगळ्यांत शेवटी, आणि सांगताना तुवाकगुलला दोन शिव्या दिल्या.

बुधवारी पंचायतीचा सचिव सापार नोंदवही छातीशी धरून बसला. "हे नाही जमायचं, ताई. माझी नोकरी जाईल."

"सापार, वीस वर्षं तू हे दाखले फिरवतोयस. तुझ्या अक्षरातले कागद आहेत माझ्याकडे. नोंद केलीस तर नोकरी जाईल कदाचित. नाही केलीस तर कुठं जाशील ते तूच ठरव."

"एकाच दिवसात सेहेचाळीस?"

"त्यांना मरायला एक दिवस लागला नव्हता. लिही मुकाट्यानं."

त्यानं लिहिलं. सेहेचाळीस जुने दाखले रद्द झाले. प्रत्येक नोंदीची एक प्रत अश्गाबादच्या दफ्तरखान्यात पाठवावी लागते. तुवाकगुलनं त्या प्रती स्वतः टपालात टाकल्या आणि पोचपावती ब्लाउजमध्ये ठेवली.

गुरुवारी ती कचेरीत आली, हँडल फिरवलं. जन्म अठ्ठावन्न, मृत्यू सत्तेचाळीस. हजारी आठशे दहा. तिनं तक्ता कचेरीचे प्रमुख होजाआगा यांच्यापुढे ठेवला. होजाआगा म्हणजे गोल, घामट, गोड बोलून गळा कापणारा माणूस.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पोरी, असा आकडा जगात कुठंच नाही."

"आता आहे."

"हे मी वर पाठवू? वर्धापनाच्या वर्षात? लोक म्हणतील आम्ही पोरं चावून खातो."

"मग काय चुकीचं म्हणतील?"

त्यांचं गोड बोलणं संपलं. त्यांनी नोंदींची चळत उलटसुलट केली आणि एक कागद बाजूला काढला. मग खुशीत हसले. "तुवाकगुल, जन्म एकोणचाळीस. मृत. म्हणजे तू. तक्त्यावर सही कोणाची आहे, तर मेलेल्या बाईची. मेलेल्याची सही मी धरत नाही. जुना तक्ता जाईल. सतरा."

बावीस वर्षं या माणसाच्या चुका तिनं निस्तरल्या होत्या. तिला वाटलं, गणितयंत्र उचलावं आणि त्याच्या टकलावर घालावं. तिनं खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"पाठवा जुना. पण दाखले रद्द झालेत ते झालेत. प्रती अश्गाबादला गेल्या, ही पोचपावती. त्यातली पस्तीस पोरं आकयापच्या शाळेच्या पटावर आहेत. कालपासून त्यांना कागद नाहीत. बिनकागदाचं पोर पटावर राहत नाही, आणि पटावर नाही त्याला कापूस वेचायला नेता येत नाही. कापसाचा कोटा मात्र गावाला ही डोकी मोजूनच लावलाय, तुमच्याच सहीनं."

"नवे दाखले काढ त्यांचे."

"काढता येतात. पण सापारनं नवी जन्मनोंद करायची तर आधीच्या मुलाचा मृत्यू जिल्ह्याच्या तक्त्यात चढलेला लागतो. तो तक्ता तुम्ही धरत नाही."

होजाआगांनी मण्यांची पाटी ओढली. मुलांच्या मरणाचा तक्ता वाचताना त्यांनी तिला हात लावला नव्हता. आता मणी टकाटक सरकू लागले. पस्तीस पोरं, रोजचे पंचवीस किलो, साठ दिवस.

"साडेबावन्न टन," ते पुटपुटले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. साडेबावन्न टन कापूस कमी पडला तर वर्धापनाला व्यासपीठावर बसणं लांब, खुर्चीच जाणार होती.

"सेहेचाळीस पोरांनी तुमची पापणी हलली नाही," तुवाकगुल म्हणाली. "कापसानं बघा कशी हलली. लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

त्यांना वाटली असेल तर दिसली नाही. त्यांनी तिची सही खोडली, खाली आपली केली, शिक्का मारला. नळयोजनेच्या यादीत आकयापचं नाव आपल्याच हातानं वर लिहिलं. मग दोन्ही कागद शिपायाकडून त्याच वेळच्या टपालात रवाना केले, म्हणजे दुपारच्या आधी बला टळली. शिपाई गेल्यावर ते खुर्चीत रेलले.

"झालं ना तुझ्या मनासारखं? आता पस्तीसच्या पस्तीस पोरं एक सप्टेंबरला शेतात हवीत."

"चोवीस येतील."

"का? उरलेली अकरा कुठं जातील?"

"नव्या दाखल्यावर त्यांचं खरं वय येईल, होजाआगा. सात वर्षं. ती आता पहिलीत बसणार. पहिलीच्या पोरांना शेतात नेत नाहीत, तुमचाच नियम आहे."

होजाआगांनी दाराकडे पाहिलं. शिपाई केव्हाच जिना उतरला होता.

तुवाकगुलनं मण्यांची पाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"मोजा परत," ती म्हणाली.