कर्जतला विणलेले बोर्ड

खोपोलीच्या एका कागद कारखान्याने रौप्यमहोत्सवानिमित्त एक स्मरणिका काढली होती. तिच्यात एक वाक्य आहे: "कोकणी स्त्रीच्या बोटांत उपजतच जी नजाकत असते, तिचा लाभ आमच्या संगणकास झाला." माझ्या आईचा छापील मजकुरात झालेला उल्लेख एवढाच, आणि तोही बोटांपुरता. 'उपजत' या शब्दाशी माझे भांडण आहे. त्या बोटांनी आधी लोकांच्या शेतात भात लावला आणि खालापूरच्या रस्त्यावर खडी फोडली. नजाकत त्यांना १९७१ साली, कर्जतमधल्या एका भाताच्या गिरणीमागच्या गोदामात, भिंगाखाली बसवून आणि शिव्या घालून शिकवण्यात आली.

कारखान्याकडे कागदाचे वजन आणि ओल सांभाळणारा एक परदेशी संगणक होता. त्याची स्मृती अपुरी पडू लागली, वाढीव स्मृतीचे बोर्ड बाहेरून आणायला परवाना मिळेना, तेव्हा मुंबईच्या एका ठेकेदाराने कर्जतला बायका बसवल्या. स्मृती त्या काळी खरोखरच विणली जाई. खसखशीच्या दाण्याहून जराशी मोठी, मधोमध भोक असलेली काळी कडी. अशा हजारो कड्या एका चौकटीत मांडायच्या आणि प्रत्येकीतून केसासारख्या तारा उभ्याआडव्या ओवायच्या. विजेचा झटका दिला की कडी एका कुशीवर वळते, उलट दिला की दुसऱ्या. वीज गेली तरी वळलेली कूस ती सोडत नाही. यंत्राचे लक्षात ठेवणे म्हणजे एवढेच.

गोदामात पंखा नव्हता, कारण वाऱ्याने कड्या उडत. गिरणीचा कोंडा आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद असत. माथेरानचा डोंगर काचेतून दिसे, त्याची हवा मात्र येत नसे. हसायला बंदी होती. ही बंदी शिस्तीपोटी नव्हती. एका हसण्यात अख्ख्या सकाळची मांडणी उधळली जाई. दुर्दैवाने आईच्या समोर चंद्राबाई बसत असे. चंद्राबाई कर्जतजवळच्या खेड्यातली, कुणब्याच्या घरातली, आणि डावरी. समोरासमोर बसलेल्या दोघींत एक डावरी असली की सुई सरळ जाते, म्हणून व्यवस्थापकाने ही जोडी लावली होती. चंद्राबाई भिंगातून नजर न काढता आईला, म्हणजे पुतळाबाईला, पुटपुटे, "पुतळे, सायबाच्या टकलावरनं माशी घसरली गं." मग सगळ्या बायका ओठ मिटून, श्वास कोंडून, नुसते खांदे हलवत हसत. मी आईचा डबा घेऊन जाई तेव्हा पाहिलेले तसे हसणे नंतर कुठे पाहिले नाही.

पाण्याचे माठ मात्र दोन होते. आम्ही छपन्न सालापासून बौद्ध. माठ अजून त्याआधीच्या धर्मात होते. पहिले काही महिने सुईही हातातून हातात जात नसे. एकीने ती मखमलीच्या तुकड्यावर ठेवायची, दुसरीने उचलायची. पुढे काम मागे पडू लागले, व्यवस्थापक ओरडला, आणि एका दुपारी चंद्राबाईने आईच्या हातातून सुई सरळ ओढून घेतली. "आण इकडं. त्या मखमलीला काय डोळे हायेत?" शतकानुशतके ग्रंथांनी चालवलेला वाद असा एका वाक्यात मिटला. माठ दोनच राहिले, कारण तहानेने उत्पादन अडत नव्हते.

आई ते गोदाम आठवते तेव्हा माठ तिला आठवत नाहीत, ते मला आठवतात. तिला आठवते ती दुपारची पिवळी उजेडाची पट्टी आणि चंद्राबाईची पुटपुट.

तयार बोर्ड टेंपोतून खोपोलीला जात. ते कुठे बसवतात हे बघायचे आहे, असे आईने एकदा म्हटले होते. व्यवस्थापक म्हणाला, "बायामाणसांचं तिथं काय काम?" ज्यांच्या बोटांवाचून त्याचे काम अडले होते, त्यांना त्याने हे विचारले. पुढे माझा मामेभाऊ श्रीपत त्याच कारखान्यात संगणकाच्या खोलीत ऑपरेटर म्हणून लागला. तो घरी आला की आई आधी विचारी, "आमचं चालतंय ना रं?" त्याची चौकशी ती नंतर करी.

१९८५ साली श्रीपत बातमी घेऊन आला.

"आत्या, तुमचे बोर्ड काढतायत. येत्या रविवारी."

"का? बिघडले?"

"बिघडले नाय. जुने झाले. त्यांचे सुटे भाग आता कुठंच मिळत नाय. नवे आलेत, नखाएवढ्या चिपांचे."

आईने निवडलेले तांदूळ सुपाच्या एका बाजूला सारले. मग म्हणाली, "काढायच्या आधी मला एकदा चालताना बघायचेत."

"बघण्यासारखं काय नाय त्यात. कपाटात असतात."

"तू रोज बघतोस ना? मग मला सांगू नको."

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. आपण केलेली वस्तू काम करताना एकदा बघावी, ही मागणी माणसाने आयुष्यात कितीदा केली असेल आणि किती थोड्यांच्या बाबतीत ती पुरी झाली असेल, यावर मी व्याख्यान देऊ शकले असते. त्याऐवजी मी रविवारी आईला आणि चंद्राबाईला घेऊन खोपोलीला गेले. आईने ठेवणीतले पांढरे लुगडे नेसले होते.

फाटकावर नागू नावाचा रखवालदार होता.

"पास हाय?"

"नागू," चंद्राबाई म्हणाली, "तुझ्या लग्नात तुला हळद लावली मी. माझ्याकडं पास मागतोस व्हय रं?"

"लग्नाला पास नव्हता काकी."

"म्हणून तर तुझ्यासारखा आत घुसला."

श्रीपतने आतून इंजिनिअरची चिठ्ठी आणली. खोलीच्या दारावर चपला बाहेर काढण्याची पाटी होती. अशी पाटी मी याआधी ज्या दारांवर पाहिली होती, तिथे आम्हांला आत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

इंजिनिअर प्रधान हसतमुख, चाळिशीचा माणूस होता. संगणकाचे उंच कपाट उघडे होते आणि खाली लाकडी खोक्यात, भाताच्या पेंढ्यावर, तीन बोर्ड ठेवले होते: एक मूळचा परदेशी, दोन कर्जतचे.

"या मावशी, या. काल दुपारीच काढून ठेवले. लाइट गेली होती, म्हटलं यंत्र बंदच आहे तर उरकून टाकू."

खोपोलीत वीज तयार होते आणि मुंबईला जाते; खोपोलीचे दिवे त्या व्यवहारात नेहमीच शेवटी येतात. शनिवारी ते गेले आणि प्रधानांना सवड मिळाली.

"म्हंजे झालं?" आईने विचारले.

"झालं की. हे बघा ना, इथेच आहेत."

आई वाकली. चंद्राबाईने एका कोपऱ्यातला तारेचा वळसा दाखवला. "हा माझा. उलटा हाय बघ."

"आपलीच चौकट," आई म्हणाली. मग सरळ झाली. "पण हे मी बघितलेलं हाय. मीच विणलंय. मला चालताना बघायचं होतं."

तिने आवाज चढवला नाही. ती दाराकडे वळली आणि मला म्हणाली, "चल गं." चौदा वर्षे बाळगलेली गोष्ट कोणाच्या तरी सवडीमुळे एका दिवसाने हुकली होती, आणि दोष द्यावा असा माणूस समोर नम्रपणे हसत उभा होता. मला तो दुष्ट असता तर बरे वाटले असते.

प्रधान खरोखर ओशाळले. काहीतरी द्यावे म्हणून त्यांनी नवा बोर्ड दाखवला. "बघा मावशी, एवढ्याशात तुमच्या तिन्हींच्या चौपट मावतं."

"आणि लाइट गेली की?" चंद्राबाईने विचारले.

"बॅटरी असते. तीही संपली तर मात्र सगळं विसरतं, पुन्हा टेप वाचून शिकवावं लागतं. तुमच्या जुन्याचं तसं नव्हतं हां. आता बघा, काल लाइट गेली, मी ते उपटले, रात्रभर पेंढ्यात पडलेत, तरी कालचं सगळं त्यांच्यात जसंच्या तसं..."

ते थांबले. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"श्रीपत, आपण टेप काढली होती?"

"कधी काढणार साहेब? लाइट नव्हती."

श्रीपतने मला हलक्या आवाजात सांगितले ते असे: यंत्र चालवण्याचा मूळ कार्यक्रम भोके पाडलेल्या कागदी टेपवर होता, पण प्रत्येक जातीच्या कागदासाठी चौदा वर्षांत माणसांनी हळूहळू जमवून आणलेले आकडे फक्त त्या कड्यांत होते. बोर्ड काढण्याआधी ते टेपवर उतरवायचे ठरले होते. वीज गेली, घाई झाली, राहिले. घाईत पुरावे नष्ट होतात, हे मला नवे नव्हते. घाई करणारा ते वेळेवर ओळखून पांढरा पडलेला मात्र मी प्रथमच पाहत होते.

"मावशी, थांबा," प्रधान म्हणाले. "परत बसवावे लागतील."

आई दारातून मागे आली.

तिन्ही बोर्ड त्यांनी एकेक करून खाचांत सरकवले, काल ते कसे उपटले असतील याच्या अगदी उलट, हळुवार हाताने. बटण दाबले. पंखे घुमले. कोपऱ्यातल्या छपाई यंत्रावर शनिवारची ओळ अर्धीच राहिली होती. ते खडखडले, ती ओळ पुरी केली, आणि मग मशीनवर कागद नाही अशी तक्रार ओळीमागून ओळ करू लागले. कालचे सगळे जागेवर होते. श्रीपतने कोरी टेप चढवली.

सगळे छपाईकडे बघत होते. आई कपाटासमोर उभी होती.

"हलत नाय काय," ती म्हणाली.

"चालतंय ते असंच, मावशी. आतून."

चंद्राबाईने मान वाकवून निरखले. "ना हालचाल, ना आवाज. आमचा म्हातारा बरा, घोरतो तरी."

आईने बोट चौकटीजवळ नेले, लावले नाही. "ह्यातलं आमचं काय चाललंय आता?"

प्रधानांनी क्षणभर विचार केला. या प्रश्नाचे खरे उत्तर शोधायची तसदी त्यांनी घेतली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. "तुमच्या या बोर्डात तपकिरी कागदाचे आकडे आहेत. जाडी किती, ओल किती."

"तपकिरी म्हंजे पुड्यांचा? वाण्याकडचा?"

"हो. पुड्यांचा, वह्यांच्या कव्हरांचा. या भागात जो मिळतो तो बहुतेक आमचाच."

आई माझ्याकडे वळली. "तुझ्या वह्यांना घालायचो, तो गं."

जूनमध्ये, शाळा-कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी, खळ शिजवून ती आणि मी वह्यांना कव्हरे घालत असू. कागदाला ओल्या पोत्यासारखा वास यायचा. ती कोपरे नखाने इतके घट्ट दुमडायची की वर्षभर सुटत नसत. भिंगाखाली दिवस घालवून आलेल्या बाईला संध्याकाळी कागदाची घडी दिसत नसे. ती चाचपून घालायची. तो कागद कोण जोखत होते, हे आम्हां दोघींना माहीत नव्हते, आणि मीही तो पुढे कितीतरी वर्षे फक्त टराटरा फाडला.

"तोच," मी म्हटले.

आकड्यांची भोके पडत टेप सरकत राहिली. आई स्टुलावर बसायला तयार नव्हती. चंद्राबाईने श्रीपतकडून चहा मागवला, तो दाराबाहेर उभी राहून प्यायली आणि तिथूनच आईला सांगत राहिली की साखर कमी आहे. आईने पाहणे सोडले नाही. जिथे काही दिसत नव्हते तिथे ती काय पाहत होती, हे मी विचारले नाही.

टेप संपली. श्रीपतने ती गुंडाळली आणि डब्यात ठेवली. प्रधानांचा हात बटणावर गेला, आणि तिथेच राहिला. त्यांनी आईकडे बघितले.

"थांबा जरा," आई म्हणाली.

छपाई यंत्राने आणखी दोन ओळी काढल्या. पंखा एका सुरात घुमत होता. प्रधानांनी घड्याळाकडे बघितले नाही.

"हां," ती म्हणाली. "काढा आता."